गच्चीवरील अँटेना

चांगदेवांनीं ज्ञानेश्वरांस धाडलेल्या कोऱ्या पत्राची कथा वाचकांस सांगावयास नको. त्या चांगदेवांची समाधि गोदावरीकांठीं पुणतांब्यास आहे. दूरचित्रवाणीच्या प्रारंभींच्या काळीं याच गांवाच्या वांट्यास दुसरें एक कोरें पत्र आलें. पांढऱ्या ठिपक्यांनीं भरलेला, चित्रावांचूनचा पडदा हें तें होय.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें व पुढील वर्षीं सिंहगडावर प्रक्षेपक बसला. महाराष्ट्रांत दूरचित्रवाणी आली असें आपण म्हणतों तें एवढ्यावरून. परंतु या लहरी बहुतेक सरळ रेषेंत जातात. पृथ्वीचा गोलवा आड आला कीं त्या क्षीण होतात. सिंहगडाची उंची सुमारें १,३०० मीटर, पुणतांब्याची सुमारें ५००. मधले डोंगर नाहींत असें धरलें व घरावरील उंच काठी जमेस घेतली, तरी गडाची दृष्टि सुमारें १३० किलोमीटरांवर संपते. आणि पुणतांबा तेथून सरळ रेषेनें सुमारें १८० किलोमीटर! आमच्या मतें आपल्याकडील दूरचित्रवाणीचा इतिहास केंद्रांच्या उद्घाटनांत शोधण्यापेक्षां या उरलेल्या पन्नास किलोमीटरांत शोधावा. तें अंतर सरकारनें नव्हे, गृहस्थानें स्वतःच्या खर्चानें कापावयाचें होतें.

त्याचें साधन मात्र जपानी. सेंदाई येथील विद्यापीठांत उदा व यागी यांनीं १९२६ च्या सुमारास तें सिद्ध केलें; नांव बहुधा यागींचेंच राहिलें, उदांचें मागें पडलें. १९४२ त सिंगापुरांत हातीं आलेल्या इंग्रजी टिपणांतील ‘यागी’ हा शब्द खुद्द जपानी सैन्यास उमगेना, असें सांगतात. मध्यें तारेची जोडणी असलेली दुमडलेली नळी, मागें एक लांब नळी, पुढें आखूड नळ्यांची रांग, एवढीच ती रचना. पुढच्या नळ्या वाढवाव्या तों शक्ति वाढते, पण दृष्टि अरुंद होते. म्हणूनच एकानें गच्चीवर काठी फिरवावी, दुसऱ्यानें खिडकींतून ओरडावें, हा घरोघरचा प्रकार. डोंगरावरून परतलेल्या लहरींनीं एका माणसाचीं दोन माणसें दिसत. तेव्हां काठी थोडी वांकडी धरणें हाच इलाज. बूस्टर काठीच्या माथ्याशीं न लावतां खालीं यंत्राजवळ लावला, तर चित्राबरोबर तारेंतला गोंगाटही वाढे. आणि हवेचे थर अनुकूल असले म्हणजे एखाद्या रात्रीं दूरचें केंद्र अकस्मात् स्वच्छ दिसे, सकाळीं नाहींसें होई.

पुढें खुलताबादजवळ म्हैसमाळच्या पठारावर प्रक्षेपक आला. तो पुणतांब्यापासून सुमारें सत्तर किलोमीटर, पण ईशान्येस. नैऋत्येकडे पाहणारी काठी पुरती उलटी फिरविणें आलें. १९८४ पासून लहान प्रक्षेपक देशभर झपाट्यानें वाढले, व काठ्यांची उंची उतरूं लागली. दूरदर्शनचीं हीं जुन्या पद्धतीचीं प्रक्षेपणें २०२२ पर्यंत बहुतेक बंद झालीं. २००४ च्या डिसेंबरांत सुरू झालेल्या मोफत उपग्रहसेवेची तबकडी आतां आग्नेयेकडे तोंड करून बसते. तिच्या उपग्रहास मुंबई आणि पुणतांबा जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत.