नौकेचे प्रयोजन आणि घडण: खांदेरी, इ. स. १६७९

मराठ्यांच्या आरमाराची चर्चा बहुधा जहाजांच्या संख्येपाशी घुटमळते. तथापि नौका बांधावयास घेण्यापूर्वी तिजकडून कोणते काम घ्यावयाचे हे ठरले होते काय, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे इ. स. १७१५) त्याचे उत्तर नियमरूपाने मिळते. गुराबा व गलबते मध्यम आकाराची असावीत, वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी थोर जहाजे करू नयेत, असा त्याचा आशय. लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसांवर बळजोरीने कुऱ्हाड चालवू नये, अशीही मर्यादा तेथे आहे. मात्र हे प्रकरण आरमाराच्या उभारणीनंतर अर्ध्या शतकाने लिहिलेले आहे. त्यास मूळ आराखडा मानणे युक्त नव्हे. तो अनुभवान्ती काढलेला निष्कर्ष होय.

त्या अनुभवाचा बोलका पुरावा थळच्या समोरील खांदेरी बेटावर सापडतो. ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी याने शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथे तटबंदीचे काम आरंभिले. मुंबईच्या तोंडाशी किल्ला उभा राहणे इंग्रजांस परवडणारे नव्हते. त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. येथे नौकेकडून अपेक्षित काम अगदी नेमके होते: माणसे, दाणागोटा व बांधकामाचे सामान रात्री किनाऱ्यावरून बेटावर पोचविणे. त्यास तोफांपेक्षा उथळ तळ आणि वल्ही अधिक उपयोगी. वारा पडला की इंग्रजी जहाजे जागीच खिळत आणि मराठ्यांच्या हलक्या होड्या त्यांच्यामधून निसटत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत दौलतखानाच्या आरमाराने ‘डव्ह’ ही गुराब पकडली. ‘रिव्हेंज’ने मात्र एकटीने तोंड देऊन मराठ्यांस मागे हटविले. म्हणजे समोरासमोरच्या तोफांच्या झुंजीत मोठे जहाजच वरचढ ठरले. तरीही रसद तुटली नाही, आणि अखेर जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी वेढा आवरता घेतला.

याच घडणीची दुसरी बाजू लगतच्या उंदेरीवर दिसते. सिद्दीने त्याच महिन्यात ते बेट व्यापून तोफा चढविल्या. दौलतखानाचा हल्ला तेथे फसला. रसद पोचविण्यास समर्थ असलेल्या नौका तटावरील तोफांपुढे अपुऱ्या पडल्या. जंजिऱ्याच्या बाबतीतही हीच उणीव भासत राहिली, इ. स. १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांना तेथे नौकांवर विसंबण्याऐवजी समुद्रात दगडांचा सेतू बांधण्याचा उद्योग करावा लागला.