बुरूला मेंढी: रक्तात शोधलं, अंडाशयात सापडलं

रक्तात एखादं संप्रेरक जास्त मिळालं की 'हेच कारण' असं लिहून टाकायचा मोह तुम्हालाही होईल. त्याआधी बुरूला मेरिनोची गोष्ट वाचा.

ऑस्ट्रेलियात कूमाजवळच्या 'बुरूला' फार्मवर सीअर्स बंधू जुळी-तिळी देणाऱ्या मेंढ्या मुद्दाम राखत. मेरिनोला सहसा एकच कोकरू होतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी यातली काही जनावरं सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेकडे आली. तिथे हेलन न्यूटन टर्नर यांनी त्यांच्यावर काम केलं. जास्त कोकरं म्हणजे अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम, असं तेव्हा धरून चालत.

१९८० च्या सुमारास पायपर आणि बिंडन म्हणाले, इथे एकच मोठं जनुक असावं. पण डीएनए वाचायची सोय नसताना ते ओळखायचं कसं? मेंढीच्या पोटात दुर्बीण घालून अंडाशयावरचे पीतपिंड मोजायचे. जितके पीतपिंड, तितकी बीजं सुटलेली. न्यूझीलंडच्या डेव्हिस यांच्या गटाचा नियम असा: कधीतरी पाच किंवा जास्त दिसले तर जनुकाच्या दोन प्रती, तीन-चार असतील तर एक, त्याहून कमी तर एकही नाही. नुसत्या मोजणीवर जनुक पकडायचं! मला तरी हा भाग सगळ्यात आवडतो.

या मेंढ्यांत एफएसएच जास्त असल्याचं काही प्रयोगांत दिसलं होतं, त्यामुळे बराच काळ संशय पीयूषिका ग्रंथीवर होता. २००१ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे उत्तर दिलं: सहाव्या गुणसूत्रावरचं बीएमपीआर१बी. डीएनएचं एक अक्षर बदललेलं, म्हणून प्रथिनात २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन. हा ग्राही अंडाशयात काम करतो. बदलामुळे पुटिका लहान असतानाच पक्व होतात आणि एका वेळी अनेक फुटतात.

२००२ मध्ये हाच बदल सुंदरबनच्या गरोल मेंढीत सापडला. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला बंगाली मेंढ्या गेल्या होत्या, त्याचा धागा इथे जुळतो.

आपल्या फलटणला निंबकर संस्थेने गरोलचं हे जनुक दख्खनी मेंढीत आणलं. एका प्रतीने मुख्यतः जुळी वाढतात, तिळी क्वचित. माळावर चरणाऱ्या मेंढीचं दूध किती कोकरांना पुरेल, हे धनगराला आधी बघावं लागतं.