सरकारनं पाठवलेला किरायादार

घर माझं, तर किरायादारही मीच निवडणार. हे आज इतकं उघड वाटतं की वऱ्हाडात पन्नास वर्षं कायदा काही वेगळंच सांगत होता, हे सहसा कुणाला आठवत नाही. तो कायदा म्हणजे १९४९ची ‘सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर’. मुंबई-पुण्याला १९४७चा मुंबई भाडे कायदा होता. अमरावती, अकोला, नागपूरला ही ऑर्डर. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी ती लागूच राहिली.

जुने वकील आणि घरमालक तिच्या कलम १३विषयी अजून बोलतात. रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी घेतल्याशिवाय किरायादाराला घर सोडण्याची नोटीसच देता येत नसे. आधी कंट्रोलर, मग अपील, मग दिवाणी दावा. यात माणसाचं अर्धं आयुष्य जाई.

मला मात्र कलम २२ आणि २३ जास्त महत्त्वाची वाटतात. घर रिकामं झालं की मालकानं सात दिवसांत डेप्युटी कमिशनरला कळवायचं. पंधरा दिवसांच्या आत तो हुकूम काढू शके, की हे घर अमक्याला द्या. मग आधी कुणाला शब्द दिलेला असो, करार केलेला असो, घर त्यालाच द्यावं लागे. स्वतःला राहायला हवं असेल, तर तसं साहेबाला पटवून द्यायचं. असं घर कुणाला मिळू शके? केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकराला, वीज मंडळाच्या कर्मचाऱ्याला, विस्थापिताला, आणि घरातून बाहेर काढल्या गेलेल्या माणसाला.

‘विस्थापित’ हा शब्द तिथं उगाच आलेला नाही. फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबं वऱ्हाडात उतरली. अमरावतीचा रामपुरी कॅम्प, अकोल्याचा सिंधी कॅम्प ही नावं आजही त्याची साक्ष देतात. त्याच काळात मुसलमानांच्या घरांवर दुसऱ्याच कायद्याची सावली होती. १९५०च्या निष्क्रांत मालमत्ता कायद्यानं पाकिस्तानात गेलेल्यांची मिळकत कस्टोडियनच्या ताब्यात जाई. घरातलं कुणी तिकडे गेलं असेल, तर मागं राहिलेल्यांनाही आपला हिस्सा सिद्ध करत फिरावं लागे. ७ मे १९५४नंतर नव्या मिळकती निष्क्रांत ठरवणं थांबलं. तोवर बंद दरवाजा ही मुसलमान घरासाठी साधी गोष्ट नव्हती.

पण घरवाटपाच्या त्या यादीकडे पुन्हा पाहा. तिच्यात नोकरी आहे, गरज आहे. जात नाही, धर्म नाही. बदली होऊन आलेला मुसलमान कारकून हुकूम घेऊन एखाद्या वाड्याच्या दारात उभा राहू शके. सिंधमधून सगळं गमावून आलेला माणूस तसाच हुकूम घेऊन मुसलमानाच्या माडीवर येऊ शके. ‘आमच्यात चालत नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नव्हतं. अंमलबजावणीत वशिला चालला असेल, मालकांनी पळवाटाही काढल्या असतील. पण कागदावर दार उघडं होतं.

या उघड्या दाराची किंमत मालकानं मोजली. अमेरिकेत १९७४च्या कायद्यानं गरीब भाडेकरूंसाठी ‘सेक्शन ८’ योजना आली. तिथं कुटुंबानं आपल्या उत्पन्नाचा साधारण ३० टक्के भाग भरायचा आणि उरलेलं भाडं सरकारनं मालकाला द्यायचं. आपल्याकडे सरकारनं किरायादार पाठवला, पैसा पाठवला नाही. वर किराया वाढवायचा तर पुन्हा कंट्रोलरचंच दार. दोन खोल्यांवर पोट भरणाऱ्या विधवेला आणि मोठ्या वाडेवाल्याला एकच नियम. छपरं गळू लागली, आणि दुरुस्ती करायची कुणी यावर भांडणं झाली.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं मुंबई कायद्यातल्या गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिल्या नाहीत, असं म्हटलं. मग १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २०००पासून लागू झाला. वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मिळाली. मालकावरचा अन्याय थोडा कमी झाला, ते योग्यच झालं. पण त्याच्यासोबत घरवाटपाचा हुकूमही गेला, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं नाही.

आता किरायादार कोण असावा, यात मालकाला विचारणारं कुणी नाही. संविधानाचं कलम १५ दुकानं, हॉटेलं, विहिरींबद्दल बोलतं. किरायाच्या खोलीबद्दल नाही. २००५ साली तर सर्वोच्च न्यायालयानं गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व एका समाजापुरतं ठेवायची मुभा दिली. अमरावतीत नोव्हेंबर २०२१मध्ये आणि अकोल्यात मे २०२३मध्ये दंगली झाल्या. अशा प्रत्येक दंगलीनंतर ‘तुमच्या लोकांत बघा ना’ हे वाक्य आणखी सहज निघतं.

ते वाक्य ऐकून आपल्याला राग येतो. मग आपल्या मोहल्ल्यातलीही एक गोष्ट बोलली पाहिजे. शासनाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७पासून आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला तिच्यात पैसे मिळतात. अमरावतीसारख्या विभागीय शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये ठरले. त्यातले १५,००० निवासाचे, म्हणजे महिन्याला १,२५०. सरकारी मदतीवर घर शोधणारा किरायादार आपल्याकडे आहे, तो हा. त्याची रक्कम अनेकदा उशिरा येते, हे खरं. पण बहुतेक दारांवर त्याला पहिला प्रश्न पैशांचा विचारला जात नाही. आडनाव विचारलं जातं. आणि त्यातली काही दारं आपली असतात.

१९४९च्या कायद्यानं दार उघडलं, पण पैसा दिला नाही. आजची योजना पैसा देते, पण दार उघडत नाही. दोन्ही एकत्र आणणारा कायदा येईल तेव्हा येवो. ज्यांच्या वरच्या मजल्यावर खोली रिकामी आहे, त्यांना मात्र त्यासाठी कुणाच्या हुकमाची गरज नाही. किराया ठरवा, करार करा, हप्ता येईपर्यंत थोडं थांबायची तयारी ठेवा. आडनावाचा प्रश्न तेवढा गाळा. जो आपल्याला विचारला की झोंबतो, तो दुसऱ्याला विचारायचा हक्क आपल्याला कुठून मिळाला?