औषधाआधी कागद : रेशनकार्ड आणि आरोग्यकवचाचा इतिहास

१/ योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयात शिरताच एक छोटे टेबल दिसते. त्यामागे आरोग्यमित्र बसलेला असतो. नातेवाइकांना तो विचारतो, "रेशनकार्ड आणले आहे का?" गहू, तांदूळ आणि साखरेसाठी जन्माला आलेला हा कागद हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत कसा पोहोचला? आजच्या थ्रेडमध्ये हा प्रवास पाहू.

२/ प्रारंभ १९४३ सालापासून करू. महायुद्ध सुरू होते आणि धान्याची टंचाई होती. त्या वर्षी मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि घरोघरी रेशनकार्ड आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारत सरकारने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तो जुळायला जवळपास सत्तर वर्षे जावी लागली.

३/ त्याआधी गरिबांनी उपचारांसाठी जायचे कुठे? मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून आणि सरकारच्या सहभागातून १८४५ साली जे. जे. रुग्णालय उभे राहिले. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली ससून रुग्णालय सुरू झाले. सधन माणूस त्या काळी वैद्याला किंवा डॉक्टरला घरी बोलावी. रुग्णालयाची पायरी चढणारा माणूस बहुधा गरीबच असे. पण तिथे मिळणारे उपचार हा त्याचा हक्क मानला जात नसे. तो दानधर्म होता.

४/ १९४३ च्या समितीचे अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. त्यांचा जन्म नाशिकचा आणि शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले. आयसीएस अधिकारी म्हणून त्यांनी दीर्घकाळ सेवा केली होती. समितीचा चार खंडांचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे एक मूलभूत तत्त्व असे होते : पैसे देण्याची ऐपत नाही, एवढ्या कारणावरून कोणीही योग्य वैद्यकीय उपचारांपासून वंचित राहू नये.

५/ या थ्रेडच्या दृष्टीने समितीचा पुढचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. देशातील फार मोठा वर्ग इतका दरिद्री आहे, की विम्याचा लहानसा हप्ताही त्याला परवडणार नाही, हे तिने ओळखले. म्हणून आरोग्यसेवा भेदाभेद न करता सर्वांना विनामूल्य द्यावी आणि ज्यांची ऐपत आहे त्यांचा वाटा करांतून घ्यावा, अशी तिची भूमिका होती. या रचनेत रुग्णाला कोणापुढेही आपली गरिबी सिद्ध करावी लागणार नव्हती.

६/ स्वतंत्र भारताने आरोग्य केंद्रांची कल्पना भोर समितीकडून घेतली, पण सर्वांसाठी संपूर्ण सेवा उभी राहिली नाही. विम्याचे पहिले मोठे कवच मिळाले ते संघटित कामगारांना. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. त्यात कामगाराची ओळख पटे ती कारखान्यातील नोकरीवरून. शेतमजूर, हमाल, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांना मालकाच्या हजेरीपटाचा आधार नव्हता. त्या कवचाबाहेरच राहिल्या.

७/ पुढे वैद्यकशास्त्र बदलले. बायपास, डायलिसिस, कर्करोगावरील उपचार शक्य झाले, पण ते महाग होते आणि मोजक्याच शहरांत होते. एका शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण पडू लागली. अशा वेळी १९९७ साली महाराष्ट्राने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी 'जीवनदायी आरोग्य योजना' आणली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा गंभीर विकारांवरील उपचारांना तीतून साहाय्य मिळे. मात्र त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील असल्याचा पुरावा आणि प्रकरणाची मंजुरी आवश्यक होती. आजार फाइलीसाठी थांबत नाही, ही या पद्धतीची अडचण होती.

८/ त्याच १९९७ साली केंद्राने रेशनव्यवस्थेत 'गरीब' आणि 'गरीब नसलेले' असा भेद केला. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असल्यास पिवळी, त्याहून अधिक पण १ लाखाच्या आत असल्यास केशरी आणि १ लाख किंवा त्याहून अधिक असल्यास पांढरी. घरचे दारिद्र्य आता कार्डाच्या रंगावरून ओळखू येऊ लागले.

९/ पिवळ्या कार्डाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. घरात कोणी डॉक्टर, वकील किंवा चार्टर्ड अकाउंटंट नसावा, घरी दूरध्वनी नसावा, चारचाकी नसावी. आणि वर्षाला १५,००० म्हणजे महिन्याला अवघे १,२५०. रोजगार थोडा वाढला, की कुटुंब या रेषेच्या वर जाई. स्वस्त धान्य कोणाला द्यायचे, हे ठरवण्यासाठी आखलेल्या या रेषा होत्या. उपचार कोणाला मिळावेत, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

१०/ दरम्यान न्यायालयातून आणखी एक वाट निघाली. धर्मादाय रुग्णालये सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या लाभावर चालतात, तर गरिबांसाठी त्यांनी काय करावे? मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून योजना लागू झाली : १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. उत्पन्नाची मर्यादा सुरुवातीला अनुक्रमे २५,००० आणि ५०,००० रुपये होती. ती पुढे वाढवण्यात आली. इथेही पुरावा तोच : तहसीलदाराचा दाखला किंवा शिधापत्रिका.

११/ मोठा बदल शेजारच्या राज्यातून आला. आंध्र प्रदेशात २००७ साली 'आरोग्यश्री' योजना सुरू झाली. तिचाही आधार रेशनकार्डच होता. गंमत अशी, की आंध्रात पांढरे कार्ड गरिबाचे, तर महाराष्ट्रात पांढरे कार्ड सधनाचे. २००८ साली केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबासाठी वर्षाला ३०,००० रुपयांचे कवच, नोंदणीसाठी ३० रुपये आणि हाती एक स्मार्ट कार्ड.

१२/ २ जुलै २०१२. महाराष्ट्रात 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' आठ जिल्ह्यांत सुरू झाली : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पोहोचली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे कवच होते, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख आणि एकूण ९७२ उपचार. पात्र कोण? पिवळे किंवा केशरी कार्ड असलेले कुटुंब. १९४३ च्या त्या दोन धारा इथे एकत्र आल्या.

१३/ अर्ज करण्याची रीतही पालटली. आधी नोंदणी नाही, हप्ता नाही. कार्ड आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र घेऊन रुग्णालयात जायचे. आरोग्यमित्र नोंद करतो, रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागवते आणि खर्च थेट रुग्णालयाला दिला जातो. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. १९९७ च्या फाइलीशी तुलना केली, की ही सुधारणा किती मोठी होती ते कळते.

१४/ पण जुन्या कागदाचे जुने दोषही बरोबर आले. नव्याने लग्न झालेल्या मुलीचे उदाहरण घ्या. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा आणि मग सासरच्या कार्डात नाव चढवायचे. धान्यापुरते हे काम दोन महिने लांबले, तर फार तर काही किलो तांदूळ कमी मिळतो. पण त्याच दोन महिन्यांत ती गंभीर आजारी पडली, तर? पालावर राहणाऱ्या भटक्या कुटुंबाकडे मुळात पत्ताच नसतो. सर्वांत गरजू माणसाकडेच कागद सर्वांत कमी असतात.

१५/ रंगाची रेषाही फसवी होती. पांढरे कार्ड असलेला कोरडवाहू शेतकरी दोन दुष्काळांत कफल्लक होई, कार्डाचा रंग मात्र बदलत नसे. अखेर विदर्भ व मराठवाड्यातील १४ आपत्तीग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना योजनेत घेण्यात आले. त्यांच्यासाठी पुरावा ठरला सातबारा. एका कागदाची उणीव दुसऱ्या कागदाने भरून काढली गेली.

१६/ २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून 'प्रधानमंत्री जन आरोग्य योजना' सुरू झाली. कवच होते कुटुंबाला वर्षाला ५ लाख. तिने अर्जच काढून टाकला. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात जनगणनेत ज्यांची नावे पात्र ठरली, ते लाभार्थी. मात्र त्या गणनेच्या निकषांनुसार घरात फ्रिज किंवा दुचाकी असली, तर ग्रामीण कुटुंब आपोआप बाहेर पडत असे. म्हणजे सात वर्षांपूर्वी प्रगणक दारात आला, तेव्हा घरात काय होते, यावर आजचा उपचार ठरू लागला.

१७/ मग करोना आला. मे २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या कार्डासह राज्यातील सर्वांना योजनेचे कवच तात्पुरते खुले केले. साथीने रंगांचा भेद काही काळ पुसला. जुलै २०२३ मध्ये शासनाने पुढचा निर्णय घेतला : उत्पन्नाची अट न ठेवता सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना ५ लाखांपर्यंतचे कवच. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. भोर समितीच्या विचाराकडे राज्य पुन्हा वळले, असे म्हणता येईल.

१८/ राज्याच्या योजनेला २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या साहाय्याने पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना चालवला. रुग्णांची सेवा करतानाच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या दवाखान्यात प्रवेशासाठी आजारी असणे पुरेसे होते. योजनेच्या नावातच तिचे मोजमाप दडलेले आहे.

१९/ सारांश : या इतिहासात रकमा वाढल्या, उपचार वाढले, योजनांची नावे बदलली. पण सिद्ध करण्याचा भार बहुतेक वेळा रुग्णावरच राहिला. आज उत्पन्नाची अट गेली, तरी कार्ड लागतेच. कार्ड नसलेला माणूस अजूनही दाराबाहेर उभा आहे.

२०/ म्हणून हा थ्रेड वाचून झाल्यावर एक काम करा. घरातले रेशनकार्ड काढा आणि प्रत्येकाचे नाव त्यात आहे का, आधारवरच्या नावाशी ते जुळते का, ते पाहा. आजीचे नाव चुकले असेल, वहिनीचे राहून गेले असेल, तर घरात सगळे धडधाकट असतानाच दुरुस्त करून घ्या. शेजारी कोणाकडे कार्डच नसेल, तर त्यांच्यासोबत एकदा तहसील कार्यालयात जा.