बियाणे, जमीन आणि हाडांचे औषध

लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक साधा प्रश्न मांडला. स्तनकर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. कर्करोगाच्या पेशी रक्तातून सर्वत्र पोहोचत असतील, तर यकृत आणि हाडे वारंवार ग्रासली जातात आणि प्लीहा मात्र बहुधा सुटते, असे का? बी वाऱ्याबरोबर कुठेही जाते, पण उगवते मानवणाऱ्या जमिनीतच, असे त्यांचे उत्तर होते. पुढे अनेक दशके संशोधकांचे लक्ष मुख्यतः बियाण्यावरच राहिले.

जमिनीवर उपचार करणारे औषध आले ते अगदी वेगळ्या वाटेने. बिस्फॉस्फोनेट ही संयुगे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होती आणि कारखान्यांच्या नळांत क्षारांचे थर बसू नयेत म्हणून वापरली जात. हर्बर्ट फ्लाइश यांना १९६०च्या दशकारंभी स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे काहीसा तसाच प्रश्न शरीराबाबत पडला होता: रक्तात आणि मूत्रात एवढे कॅल्शियम व फॉस्फेट असताना सारे शरीरच दगडासारखे का होत नाही? क्षारांना रोखणारा पदार्थ त्यांना सापडला, तो पायरोफॉस्फेट. मात्र शरीरातील विकरे त्याचे झटपट विघटन करतात. बिस्फॉस्फोनेटमध्ये दोन फॉस्फरस अणूंना जोडणाऱ्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन असतो. तो बंध विकरांना तुटत नाही. फ्लाइश, ग्रॅहम रसेल आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलचे मॅरियन फ्रान्सिस यांचे याविषयीचे शोधनिबंध १९६९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. ही संयुगे हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींनाही आवरतात, हे त्यांतून दिसले. पुढे ज्या अस्थिविकारावर ती रूढ झाली, त्याचे वर्णन १८७७ मध्ये जेम्स पॅजेट यांनी केले होते. ते स्टीफनचे वडील!

कर्करोग हाडात शिरला की ऑस्टिओक्लास्टना चिथावतो. हाड झिजते, त्यात साठलेले वृद्धिघटक मोकळे होतात आणि त्यांवर गाठ पोसते. म्हणून हाडात पसरलेल्या रोगात अस्थिभंग टाळण्यासाठी ही औषधे आधीच दिली जात होती. पण जमीन आधीच नापीक केली तर बी रुजणारच नाही का?

उत्तराने संशोधकांना बराच चकवा दिला. १९९८च्या जर्मन चाचणीत क्लोड्रोनेटने आशा पल्लवित केली, तर २००१च्या फिनलंडमधील चाचणीने तिला छेद दिला. २००९ मध्ये ऑस्ट्रियाच्या चाचणीत झोलेड्रॉनिक आम्लाचा लाभ दिसला. २०११ मध्ये सुमारे ३,३६० स्त्रियांच्या ‘अझ्युअर’ चाचणीत एकंदरीत काहीच नाही. मात्र त्याच आकड्यांत रजोनिवृत्त स्त्रियांचा गट वेगळा उठून दिसत होता. असे उपगट अनेकदा फसवे निघतात. त्यामुळे शंका रास्तच होती. २०१५ मध्ये २६ चाचण्यांतील १८,७६६ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा गुंता बराच सुटला. रजोनिवृत्तीनंतर हाडात रोग उलटण्याचा धोका २८ टक्क्यांनी आणि स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू १८ टक्क्यांनी कमी झाले होते. त्याआधीच्या वयात ठळक लाभ नव्हता. ऑस्ट्रियातील स्त्रिया तरुण होत्या खऱ्या. पण औषधाने त्यांच्या अंडाशयांचे कार्य थांबवलेले होते. म्हणजे जमीन रजोनिवृत्तीनंतरचीच.

तरीही कोडे संपलेले नाही. ऑस्टिओक्लास्टना अधिक जोरकसपणे रोखणारे डेनोसुमॅब २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डी-केअर’ चाचणीत हाडांतील प्रसार टाळू शकले नाही. त्यामुळे बिस्फॉस्फोनेटचा परिणाम केवळ हाडाची झीज थांबण्यातूनच होतो, असे म्हणणे अवघड झाले आहे. शिवाय जबड्याचे हाड मृत होणे हा विरळा पण गंभीर दुष्परिणाम आहेच.

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनकर्करोग आज सर्वाधिक आढळतो आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सुमारे दशकभर आधी गाठतो. झोलेड्रॉनिक आम्ल येथे जेनेरिक स्वरूपात मिळते. पण चाळिशीतल्या, पाळी चालू असलेल्या रुग्णाला ते द्यायचे की नाही, याचा निर्णय तिच्या अंडाशयांवरील उपचाराशी बांधलेला आहे.