पावसापूर्वीचे घर

पेडणे आणि डिचोली महालांतील जुन्या घरांत वैशाख उजाडला की पडवीतील शिडी बाहेर निघत असे. मृग नक्षत्र जूनच्या सातव्या-आठव्या तारखेस लागते; त्यापूर्वी छप्पर परतून झाले पाहिजे, हा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण तो मोडण्याची कोणाची छातीही नव्हती. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. बर्फाळ देशांतील गृहस्थ हिमवादळाच्या आधी सरपण रचतो, दारेखिडक्यांच्या फटी बुजवितो. कोकणातील गृहस्थाला तेच काम ऐन उन्हाच्या तलखीत करावे लागे.

गरिबाच्या घरावर करडाचे गवत किंवा नारळीची विणलेली चुडते असत व ती दरसाल बदलावी लागत. थोडी ऐपत असली म्हणजे नळे येत. कुंभार चाकावर मातीची पोकळ नळी घडवी, ओली असतानाच ती उभी चिरून तिचे दोन अर्धगोल करी आणि भट्टीत भाजी. डिचोलीचे कुंभारकाम तर प्रसिद्धच होते. या नळ्यांना खिळा नाही, खाच नाही. उताण्या नळ्यांच्या ओळीवर पालथ्यांची ओळ, एवढ्याच आधारावर ते राहत. वानराने उडी घेतली, मांजर फिरले, वारा शिरला की ते सरकत. म्हणून दरवर्षी छप्पर उतरवावे, फुटके नळे वेचावे, कुजलेली रीप बदलावी आणि सारे पुन्हा रचावे. हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हते. आज एकाचे घर, उद्या शेजाऱ्याचे, अशी पाळी लावून सारी वाडी ते उरकीत असे. मोबदला पैशात नव्हे, जेवणात आणि परत करावयाच्या श्रमांत. मग नैर्ऋत्येच्या झडीपासून मातीची भिंत वाचविण्यासाठी चुडतांचे पडदे बांधले जात. चुलीचा धूर माळ्यावरून छपरात शिरे व वासे किडीपासून राखी. घरातल्या बायकांच्या डोळ्यांतून मात्र त्याची किंमत वसूल होई.

छपराखालची तयारी म्हणजे आगोट. गोव्यात तिला पुरुमेंत हे नाव पडले ते पोर्तुगीज ‘प्रोविमेंतु’ या शब्दावरून. पण शब्द परका असला तरी वस्तू घरच्याच होत्या. उकडे तांदूळ, कुळीथ, सुकविलेल्या मिरच्या, चिंच, भिरंडांची सोले, मिठाच्या पाण्यातले कच्चे आंबे, कांद्यांच्या माळा, सुके बांगडे आणि सुंगटे. फणसाच्या आठळ्या तांबड्या मातीत घोळून ठेवीत, म्हणजे त्या श्रावणापर्यंत टिकत. लाकडांची खोप भरली, की गृहिणीचा जीव भांड्यात पडे.

या साऱ्याचा राजकारणाशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. परंतु या दोन महालांचा इतिहास आगोटीच्या मडक्यांतही सापडतो. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. राज्य बदलले, सोयरीक बदलली नाही. तेरेखोलच्या दोन्ही काठांवर लग्ने जुळत राहिली. पुढे २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्यातून मुरगावची रेल्वे निघाली हे सर्वांस ठाऊक असते. त्याच कराराने गोव्यातील मिठाचा कारभार ब्रिटिश हिंदुस्थानच्या हाती गेला, ही गोष्ट मात्र सहसा आठवत नाही. पेडण्यातील अगरवाडा हे गाव आपल्या नावातच मिठागर वागविते. ज्या मिठावाचून आंबा टिकत नाही आणि बांगडा सुकत नाही, त्याच्या आगरांवर सरकारी पहारा बसला. करार १८९२ मध्ये संपला.

याच सुमारास छपरावरही नवी वस्तू येत होती. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट याने १८६५ मध्ये मंगळुराजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. एकमेकांच्या खाचेत बसणारे हे चपटे कौल वजनाला हलके, वाऱ्याला दाद न देणारे. गलबतांतून ते कोकणपट्टीवर उतरू लागले. त्याला सरळ कापलेल्या रिपा लागत, सुतार लागे, आणि मुख्य म्हणजे रोख पैसा लागे. दरसाल सारे छप्पर उतरविण्याचा त्रास सुटला. त्याबरोबर वाडीची पाळीही हळूहळू सुटली.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्याच्या सरहद्दीवर, पत्रादेवी येथे, सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. भारताची आर्थिक नाकेबंदी त्या काळी चालूच होती. पणजीच्या बाजारात हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा आणि जपानचे सिमेंट आले. पण घाटावरून उतरणारा कांदा व मिरची सीमेपाशी अडली. अशा वेळी ज्याच्या परसात भिरंडाचे झाड आणि कणगीत कुळीथ, त्याचाच पावसाळा सुखाचा. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणी याच दशकात वाढल्या. तरुण माणूस खाणीवर रोजंदारीस गेला, तो वैशाखात शेजाऱ्याच्या छपरावर चढण्यास मोकळा राहिला नाही.

१९६१ च्या मुक्तीनंतर सिमेंटची घरे वाढली आणि घर पावसापूर्वी तपासण्याची सवय मोडत गेली. पाऊस मात्र पूर्वीइतकाच कोसळतो. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा मृगाला तीन आठवडे अवकाश होता. परतणे अर्धे राहिलेल्या छपरांना वादळ पंचांग विचारीत नाही. त्याच वर्षी २३ जुलैला नद्यांना पूर आला. पेडण्यात इब्रामपूर, हसापूर, चांदेल या गावांत पाणी शिरले, डिचोली आणि सत्तरीतही घरे पडली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आले. प्रथम खचल्या त्या मातीच्या भिंती.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मे महिन्यात आजही मिरच्या, सोले आणि सुकी मासळी घेण्यास गर्दी होते. जवळच निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या टांगलेल्या असतात. सिमेंटच्या गच्च्या चार-सहा पावसाळ्यांत गळू लागतात, म्हणून त्यांवर पुन्हा पत्र्याचे उतरते छप्पर चढते. आणि पडवीच्या ज्या बाजूला आजे चुडतांचा पडदा बांधीत, तेथे नातू ती निळी ताडपत्री सुंभाने आवळून बांधतो.