फॅगिनचा चेहरा

फेब्रुवारी १९४९. बर्लिनच्या ब्रिटिश विभागातील एका चित्रपटगृहासमोर ज्यू निदर्शक जमले. नाझी संहारातून वाचलेल्यांना त्याच शहरात पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले होते, आणि कारण होते एक इंग्रजी चित्रपट : डेव्हिड लीनचा ‘ऑलिव्हर ट्विस्ट’. पोलिसांशी झटापट झाली. अखेर चित्रपट उतरवावा लागला.

वादाच्या मुळाशी होता फॅगिन, पोरांना खिसे कापायला शिकवणारा म्हातारा. तिशीतल्या अ‍ॅलेक गिनेसला रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबॉर्नने (पुढे ‘स्टार वॉर्स’मधला योडा घडवणारा हाच!) भलेमोठे आकडेबाज नाक लावले. आधार होता मूळ कादंबरीतील जॉर्ज क्रुकशँकच्या चित्रांचा. लीनच्या मनात द्वेष होता असे मानण्यास आधार नाही. त्याला मूळ कृतीशी इमान राखायचे होते. पण कोणत्या मूळ कृतीशी?

कारण खुद्द डिकन्सनेच ती बदलली होती. १८३७ ते १८३९ दरम्यान क्रमशः लिहिताना त्याने फॅगिनचा उल्लेख पदोपदी नावाऐवजी ‘तो ज्यू’ असा केला होता. पुढे त्याने आपले लंडनचे घर एका ज्यू दांपत्याला विकले. त्यांतील एलायझा डेव्हिस यांनी १८६३ मध्ये पत्र लिहून, या पात्रामुळे आपल्या समाजावर अन्याय झाला आहे, असे त्याला स्पष्ट सुनावले. डिकन्सने आधी स्वतःचे समर्थन केले. मग ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये रायाह हा सज्जन ज्यू रंगवला. १८६७ च्या आवृत्तीत तर ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या उत्तरार्धातून तो शब्द बहुतांशी काढून टाकला.

लीनच्या चित्रपटातही फॅगिनला कोणी ज्यू म्हणत नाही. शब्द गेला, क्रुकशँकचे चित्र मात्र राहिले. आणि हिटलरच्या प्रचारपत्रकांतून असेच नाक वर्षानुवर्षे पाहिलेल्यांना शब्दाची गरजच नव्हती. अमेरिकेत चित्रपट १९५१ पर्यंत अडला. तेथे तो लागला तेव्हा फॅगिनची कित्येक दृश्ये कापलेली होती.

१९६८ च्या ‘ऑलिव्हर!’ या संगीतपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यात फॅगिन झालेला रॉन मूडी ज्यू होता, संगीतिकेचा कर्ता लायनेल बार्टही. कादंबरीत फासावर जाणारा फॅगिन येथे चेला डॉजरसह, पहाटेच्या उजेडात, नाचत निघून जातो.